झालं म्हणायचं राहिलं

परदेशातल्या त्या हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकल्यावर काकूंनी आधी खुर्ची तपासली. पलंग नाही, न्हाणीघर नाही, खुर्ची. खिडकीशी ओढून तिच्यावर बसल्या, डावीकडे कलल्या, उजवीकडे कलल्या आणि म्हणाल्या, "डुगडुगतेय मेली. हिच्यावर बसवलेला माणूस फोटोत प्यायल्यासारखा दिसेल."

"आई, इथे कोणाला बसवायचंच नाहीये," धाकटा बॅगा टेकवत म्हणाला. "आपण लोकांच्या दुकानांत जाऊन फोटो काढणार आहोत."

"तरी माहीत असावं."

चाळीस वर्षं काकूंनी नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत माणसं बसवली होती. बटण मालक दाबायचे. पण हनुवटी उचलणं, कॉलर सारखी करणं, रडक्या पोराला हसवणं आणि फिदीफिदी हसणाऱ्या नवरीला गप्प करणं, हे खातं काकूंचं. शाळा चौथीत सुटली होती, पण माणसाचं तोंड त्यांना छापील पुस्तकापेक्षा लवकर वाचता यायचं. सगळं गाव त्यांना स्टुडिओकाकू म्हणायचं. मालक गेले, स्टुडिओला कुलूप लागलं. हातातल्या दोन जाड चांदीच्या बांगड्या आणि तोंडातली जीभ मात्र काकूंनी काढून ठेवली नाही.

धाकट्याला देशोदेशीच्या कामकरी माणसांच्या चेहऱ्यांचं पुस्तक करायचं होतं. थोरला म्हणाला होता, "म्हातारीला कशाला नेतोस?" धाकटा म्हणाला, "अनोळखी माणूस माझ्यापुढे आखडतो. आईपुढे बसतो." हे वाक्य काकूंनी दाराआडून ऐकलं आणि त्याच दिवशी बॅग भरली.

स्टुडिओत एक शिस्त होती. काकू म्हणायच्या, "तोंड मिटा. श्वास घ्या. हलू नका." मालक बटण दाबायचे. मग काकू माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायच्या, "झालं." तोवर पापणीसुद्धा हलवायची नाही. जुन्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा म्हणून पडलेली ही सवय. पुढे कॅमेरे झटपट झाले तरी राहिली. मालक म्हणायचे, आपण बसवलेला माणूस आपणच उठवायचा, त्याला अधांतरी सोडायचं नाही. चाळीस वर्षांत काकू एकदाही चुकल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी चांभार झाला, पोस्टमन झाला, पावाच्या भट्टीवरचा माणूस झाला. भाषेचं कसं करायचं हा प्रश्न काकूंना पडलाच नाही. धाकट्याला तिथली भाषा मोडकीतोडकी यायची, तो परवानगी विचारायचा. मग काकू पुढे होऊन चक्क मराठीत सांगायच्या, "तोंड मिटा. श्वास घ्या. हलू नका." आणि ती माणसं तोंड मिटायची, श्वास घ्यायची, हलायची नाहीत. "झालं" म्हटलं की सुटल्यासारखी हसायची.

"हे यांना कळतं कसं?" धाकटा डोकं खाजवायचा.

"तुला कळत नाही, त्यांना कळतं," काकू म्हणायच्या.

दुपारी ते शिवणवालीच्या दुकानात शिरले. तीन पायऱ्या, काचेचं दार, रस्त्याकडेला मोठी खिडकी. खिडकीशी सरळ पाठीची लाकडी खुर्ची, शेजारी पायमशीन, बरण्यांत बटणं, गरम इस्त्रीचा वास. शिवणवाली काकूंच्याच वयाची, ओठांत चार टाचण्या धरलेली. मागे सून कपडे टांगत होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. एका ओट्यापाशी दोन मालकिणी आल्या की पाहतात, तसं.

काकूंनी तिच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. निळं कापड मांडीवर नीट केलं. सुई अर्धी ओढलेली ठेवली. एका बोटाने हनुवटी जरा उजवीकडे वळवली. खुर्ची डुगडुगत नव्हती, हेही पाहून घेतलं.

"तोंड मिटा. श्वास घ्या. हलू नका. अरे, तू जरा खाली वाक, तिच्या गळ्याखाली सावली पडतेय. अजून खाली. तुझे वडील असते तर..."

"आई!" धाकट्याचा आवाज चढला. "तू जरा गप्प बसशील? फोटो मी काढतोय."

सुनेसमोर. परक्या बाईच्या सुनेसमोर.

कॅमेरा खटकला. काकूंच्या ओठांवर शब्द आला होता, तो त्यांनी गिळला. पदर खांद्यावरून ओढून घेतला, तीन पायऱ्या उतरल्या आणि मागे वळून न पाहता चालू लागल्या. काढ म्हणावं आता तुझा तूच.

संध्याकाळी धाकटा हॉटेलच्या पलंगावर बसून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघत होता. शिवणवालीपाशी थांबला. "हललीय."

काकूंचा रुसवा गेला नव्हता, पण हललेला चेहरा म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी चष्मा लावला. खुर्ची, मशीन, बटणांची बरणी, सगळं सुईच्या टोकासारखं स्वच्छ. मधोमध बाईचं तोंड मात्र धुरासारखं.

"इतक्या वेगात कोणी हलूच शकत नाही," धाकटा म्हणाला. "डोळा मिटायच्या आत फोटो झालेला असतो."

"मी झालं म्हटलं नाही, म्हणून हलली," काकू बोलून गेल्या. मग त्यांनाच ते उलटं वाटलं. झालं म्हटलं नाही, तर माणूस हलायला नको.

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याने जाताना काकूंनी खिडकीत पाहिलं. शिवणवाली खुर्चीत बसली होती. निळं कापड मांडीवर, सुई अर्धी ओढलेली, हनुवटी जरा उजवीकडे. काकूंनी ठेवली होती तेवढीच उजवीकडे.

"मिरवतेय," काकू म्हणाल्या. "एकदा फोटो काढला तर दोन दिवस तशीच बसलीय."

"काम करतेय गं ती," धाकटा म्हणाला आणि खिडकीकडे बघून त्याने हात हलवला. "बघ, तिनेही केला."

काकूंनी पुन्हा पाहिलं. बाईचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्या दिवशी त्यांनी सुतार बसवला, घड्याळवाला बसवला. दोन्ही वेळा "झालं" जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. परतल्यावर धाकट्याने कॅमेऱ्यात पुन्हा शिवणवालीचा फोटो उघडला आणि काच डोळ्यांजवळ नेली.

"मी हिचे दोन फोटो काढले होते का गं?"

"एकच."

"मग हा कुठून आला?"

फोटोत शिवणवालीचं तोंड आता स्वच्छ दिसत होतं. पण हातात सुई नव्हती, कात्री होती, आणि ती मान खाली घालून निळं कापड कापत होती. धाकट्याने फोटोचा नंबर पाहिला. कालचाच होता. मागचा नाही, पुढचा नाही. "कार्ड बिघडलंय," तो म्हणाला. दर वेळी काही कळलं नाही की तो हेच म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा खाली जेवायला गेला. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. कुठूनतरी कात्रीचा आवाज येऊ लागला. कच. कच. थांबून पुन्हा कच. काकूंनी खिडकी लावली. आवाज तेवढाच राहिला. कपाटाला कान लावला, भिंतीला लावला. मग खुर्चीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेजवळ वाकल्या.

त्यांनी बॅगेवर घडी घातलेली चादर टाकली आणि खोलीबाहेर पडल्या.

त्या एकट्याच शिवणवालीच्या दुकानात गेल्या. आत गिऱ्हाईक होतं. सुनेने कपडे बांधून दिले, गिऱ्हाईक खुर्चीला वळसा घालून बाहेर गेलं. खुर्चीतल्या म्हातारीकडे कोणी बघितलं नाही. शेजारच्या तिपाईवर कपभर कॉफीवर साय धरली होती. शिवणवालीच्या गालावर एक माशी बसली होती. ती चालत चालत डोळ्यापर्यंत गेली. पापणी हलली नाही.

काकूंनी सुनेकडे पाहून म्हातारीकडे बोट दाखवलं. सुनेने दोन बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली, मग हसून खांदे उडवले. बोलत नाहीत एवढंच, बाकी बऱ्या आहेत. सासू तीन दिवस गप्प म्हणजे हिला काय, सणच, असं काकूंच्या जिभेवर आलं होतं. पण जीभ वळली नाही.

झालं म्हणून टाकावं. एवढुसा शब्द. पण तो म्हणायचा म्हणजे चूक आपली होती हे कबूल करायचं. चाळीस वर्षांत न झालेली चूक. आणि मुलगा वर म्हणणार, बघ, तूच मध्ये तडतड केलीस. काकू तशाच परत आल्या. जेवल्या नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी धाकट्याने कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

फोटोत खुर्ची रिकामी होती. शिवणवाली उठून फोटोच्या डाव्या कडेशी पोचली होती. पाठ इकडे. एक खांदा, अर्धं डोकं आणि चपलेची टाच एवढीच आत उरली होती. बाकी कडेपलीकडे गेलं होतं.

"आई, हे काय आहे?" धाकट्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा झाला होता.

"ती निघालीय," काकू म्हणाल्या. "पुरती गेली तर मी उठवू कोणाला? चप्पल घाल. कॅमेरा घे."

दुकानात ऊन नुकतंच खिडकीत आलं होतं. काकू खुर्चीपाशी गेल्या. शिवणवालीच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा लाकडासारखा.

"झालं," त्या म्हणाल्या.

काही नाही.

"झालं हो बाई. झालं."

सुई अर्धी ओढलेली ती तशीच. काकू धाकट्याकडे वळल्या. आयुष्यात त्यांनी पोटच्या पोराकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "परत काढ हिचा फोटो. तेव्हाचं अर्धं राहिलंय, ते पुरं करू दे. मी मध्ये बोलणार नाही. चुकलं माझं."

धाकट्याने कॅमेरा डोळ्याला लावला. खटका झाला.

"झालं," काकू म्हणाल्या.

शिवणवालीने श्वास सोडला. चार दिवसांचा होता तो. बराच वेळ सुटत राहिला, खिडकीची काच ओली झाली. मग तिने सुई पुरती ओढली, कापड बाजूला ठेवलं आणि उठली. सून आतून काहीतरी बोलली. हिने उत्तरही दिलं, रोजच्यासारखं, वैतागून.

काकूंनी मशीनचा आधार घेतला. शिवणवालीने ते पाहिलं. तिने काकूंचे दोन्ही दंड धरले आणि त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. पदर नीट केला. बांगड्यांचे हात मांडीवर जुळवून ठेवले. काकूंना वाटलं, माणुसकी आहे हो बाईला. मग तिने एका गार बोटाने काकूंची हनुवटी उचलली आणि जराशी उजवीकडे वळवली.

ती आत निघून गेली.

"आई," धाकटा म्हणाला. त्याला एवढं हायसं वाटलं होतं की तो हसत होता. "अशीच राहा. काय उजेड पडलाय तुझ्या तोंडावर! बाबांनीही तुझा असा काढला नसेल. हलू नकोस."

नको, म्हणायला काकूंनी तोंड उघडायला घेतलं. ते मिटलेलंच राहिलं.

खटका झाला.

"वा!" धाकटा म्हणाला. "पुस्तकात पहिला हाच." आतून शिवणवालीने त्याला हाक मारली, कपबशा वाजल्या. त्याने कॅमेरा मशीनच्या फळीवर ठेवला. "मी तुझाही चहा घेऊन येतो. बस तू निवांत."

तो गेला.

काकू वाट पाहत राहिल्या. पोराला काय काय शिकवलं होतं. कॉलर कशी सारखी करायची, सावली कुठे मारायची. तो एक शब्द शिकवला नव्हता. तो त्यांचा होता.

खिडकीबाहेरून पोस्टमन गेला. त्याने काकूंकडे बघून हात हलवला, आणि कोणीतरी उलट हात हलवल्यासारखं हसला.

काकूंच्या नाकावर ऊन आलं. दोन जाड बांगड्या मांडीवर गप्प पडून होत्या.

मशीनच्या फळीवरून, कॅमेऱ्यातून, त्यांना स्वतःच्या बांगड्यांचा आवाज आला.