विकराच्या खाचेतलं वाकडं कडं

मंगळावरच्या वसाहतीत कृत्रिम रक्तासाठी हीम (रक्ताला लाल करणारा घटक) बनवणारी टाकी अचानक लाल होईनाशी झाली. आतले जीवाणू ठणठणीत होते; पण द्रव जांभळट गुलाबीच राहत होता. अकरा वर्षांची शर्वाणी धावत टाकीपाशी आली. आठ दिवसांनी आईची शस्त्रक्रिया होती आणि तिला लागणारे रक्त याच टाकीच्या भरवशावर होते.

"आजोबा, आणखी लोह घाला ना!"

"दोनदा घातलं, बाळा," जीवरसायनाचे शास्त्रज्ञ असलेले तिचे आजोबा म्हणाले. "लोह आहे, ते घेणारी कडीही, म्हणजे कड्यासारखे गोल रेणूही आहेत. हा गुलाबी रंग त्या रिकाम्या कड्यांचाच. कड्यात लोह बसलं की हीम तयार. पण ते बसतच नाहीये."

"बसवतं कोण?"

"एक विकर (पेशीतली रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन). त्याचंच काय बिनसलंय ते बघू."

विकर बघायचे कसे? आजोबांनी टाकीतले विकर वेगळे काढले आणि त्याचे थेंब न हलवता ठेवून दिले. तिसऱ्या दिवशी एका थेंबात स्फटिक (असंख्य रेणू एकसारखे रांगेत बसून झालेला घन पदार्थ) दिसले. खटपट्या नावाच्या यंत्रमानवाने त्यांवर क्ष-किरण सोडले. रांगेतल्या रेणूंवरून किरण ठरावीक दिशांना वळले, ठिपके उमटले आणि त्या ठिपक्यांवरून संगणकाने विकराचा आकार काढला.

त्याच्या खोल खाचेत एक कडे अडकले होते.

"हे तर भाजलेल्या पापडासारखं वाकलंय!" शर्वाणी म्हणाली.

"खाच वाकवतेच. सपाट कड्यात लोहाला शिरायला वाट नसते. कडं जरा वाकलं की मधले नायट्रोजनचे अणू तिरपे होतात, लोह आत सरकतं. मग कडं सपाट होऊन बाहेर पडतं."

"मग हे का नाही पडलं?"

"याच्या एका नायट्रोजनला कार्बनचा अणू चिकटला आहे," खटपट्या म्हणाला. "हे मुळातच वाकडे आहे."

"म्हणजे खाचेला अगदी मापाचं!" आजोबा उठून उभे राहिले. "लोह घेत नाही, जागाही सोडत नाही. पण आलं कुठून?"

"टाकीतलं पाणी आपण गाळून पुन्हा वापरतो ना? किती वेळा वापरलं?" शर्वाणीने विचारले.

"एकोणीस वेळा," खटपट्या म्हणाला. "बनताना बिघडलेली काही कडी गाळणीतून निसटतात. दर फेरीला साचत गेली."

आजोबांनी कपाळाला हात लावला. मंगळावर पाणी फेकायचे कुणाच्या मनातही येत नसे.

"सगळं काढून टाका," शर्वाणी म्हणाली.

"चारशे लिटर? लोक मलाच काढून टाकतील!"

"मी सांगते लोकांना."

ती दारोदार फिरली. घराघराने आपल्या वाट्याचे दोन दिवसांचे आंघोळीचे पाणी दिले. नव्या पाण्यात जीवाणूंनी नवे विकर घडवले आणि पाणी बदलल्यापासून चौथ्या दिवशी टाकी लालभडक झाली.

"रोगजंतूंचं विकर असंच मुद्दाम अडवता आलं तर?" आजोबा वहीत काहीतरी काढत पुटपुटले.

शस्त्रक्रियेनंतर आईने डोळे उघडले. वर टांगलेल्या लाल पिशवीकडे बघत तिने विचारले, "कुणाचं गं हे रक्त?"

"सगळ्यांच्या आंघोळीचं," शर्वाणी म्हणाली.

आई हसली. टाके दुखले, तरी हसली.