पाव कशाचा?

पावणेतीन म्हणजे किती, हे तुम्हाला येतं. मग पावणेदोनशे म्हणजे किती? घाई नको. चंद्रावरच्या वसाहतीत याच प्रश्नाने एका मुलीचा जीव टांगणीला लागला होता.

तिचं नाव ऊर्मी, सातवीतली. गेल्या वर्षी तिने दीडला ‘साडेएक’ म्हटलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. तेव्हापासून तिचा हात कधी वर झाला नव्हता.

यंदा गणिताला हर्डीकर बाई आल्या. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर वर्षाचं ध्येय लिहिलं: अपूर्णांक (अखंडाचा भाग दाखवणारी संख्या). खाली त्यांच्या अपेक्षा होत्या. ‘उत्तराबरोबर रीत सांगायची. अडलं की विचारायचं. चुकणाऱ्याला हसायचं नाही.’

वर्गात मोजू नावाचा यंत्रमानवही बसायचा. बाहेर गेलेल्या गाड्यांना वाट दाखवणं हे त्याचं काम, म्हणून तो मराठी हिशेब शिकत होता.

त्याच तासाला अचानक मोजूच्या छातीतून ऊर्मीच्या बाबांचा आवाज आला. "मोजू, आकडे पाठवणारं यंत्र बिघडलंय, तोंडीच सांगतो. वीज पावणेदोनशे किलोमीटर पुरेल. सपाट रस्त्याने येऊ, की विवरातून (खोल खड्ड्यातून)?"

"वीज पुरते. सपाट रस्त्याने या," मोजू म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. ऊर्मीला मात्र चैन पडेना. मोजूने रीत सांगितलीच नव्हती! पण यंत्राला काय विचारायचं? पुन्हा सगळे हसले तर? तिने फळ्याकडे पाहिलं. गाडीत तिचे बाबा होते. तिने हात वर केला.

"मोजू, रीत सांग."

"पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी. तसं पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव कमी, जवळजवळ दोनशेच. सपाट रस्ता एकशे नव्वद किलोमीटर."

"पण पाव कशाचा?" ऊर्मीने विचारलं. "पावणेतीनमध्ये आपण एक-एक मोजतो, म्हणून पाव एकाचा. दोनशेमध्ये आपण शंभर-शंभर मोजतो. तिथे पाव शंभराचा, म्हणजे पंचवीस. दोनशेतून पंचवीस गेले की एकशे पंचाहत्तरच उरतात!"

कुणीही हसलं नाही. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी रीत चुकली," मोजू म्हणाला. "गाडी थांबवा! विवरातून या. तो रस्ता खडतर आहे, पण एकशे साठच किलोमीटरचा आहे."

संध्याकाळी गाडी दारात आली तेव्हा तिच्यात थोडीच वीज उरली होती. धुळीने माखलेल्या बाबांना ऊर्मीने घट्ट मिठी मारली आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी मोजूने बाईंना विचारलं, "पाव कशाचा, हे मला कळलं. पण ‘चुकणाऱ्याला हसायचं नाही’ ही फळ्यावरची शेवटची ओळ गणितात कशाला?"

बाईंच्या आधी ऊर्मीच बोलली.

"ती नसती, तर मी काल हात वर केला नसता."

मग मोजूने स्वतःचा हात वर केला. "बाई, एक अडलंय. विचारू?"