उरलेला अर्धा तास

नोव्हेंबरात अंधारून आलं म्हणून वेदरक्लफ क्लबचा फुटबॉलचा सामना अर्धा तास आधीच थांबवावा लागला होता. लीगने तो मार्चमध्ये पुरा करायला सांगितला. खेळाडू तेच, बदली माणूस चालणार नाही.

डाव्या बाजूचा बॅक, म्हणजे बचावाचा खेळाडू, जेबेझ त्याच सामन्यात पोटात लाथ बसून कोसळला होता. गिरणीचे आणि क्लबचेही मालक ऑल्डेकर साहेब मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी येऊन म्हणाले होते, "ऊठ. नाटकं पुरे." जेबेझ उठला, खेळला आणि आठवड्याच्या आत गेला. त्यामुळे आज वेदरक्लफचे दहाच जण उतरले.

त्याची बायको हॅना मागावरून तशीच आली होती, केसांत कापसाचे तंतू घेऊन.

"कशाला आलीस गं?" शेजारीण बेट्टी म्हणाली. "जिवाला उगाच त्रास."

"त्याच्यावाचून हरताना बघायचंय मला यांना."

कडाक्याची थंडी होती. धुरकट उजेडात ज्याच्या त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. पाहुण्यांचा मॅकफेल चेंडू घेऊन जेबेझच्या मोकळ्या बाजूने सुसाट निघाला आणि मध्येच अडखळला. चेंडू पायातून निसटला. लोक हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तो कुणाला तरी वळसा घालावा तसा बाहेरून वळला, आणि खांद्याने ढकलल्यासारखा चिखलात आडवा झाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

"पाय आखडले असतील थंडीनं," बेट्टी पुटपुटली. तिने हॅनाचा हात घट्ट धरला होता.

वेदरक्लफने एक गोल केला. शिट्टी झाली.

मॅकफेल कोट घ्यायला दोरीपाशी आला. तो या बायांना ओळखत नव्हता. "तुमच्या त्या बॅकला घरी न्या कुणीतरी," तो हळूच म्हणाला. "पोट धरून धावत होता बिचारा. तोंडातून वाफसुद्धा निघत नव्हती त्याच्या."

ऑल्डेकर मागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. क्षणभर रिकाम्या मैदानाकडे पाहिलं आणि कप्तानाला सांगितलं, "नवा बॅक शोधू नकोस. पुढच्या शनिवारीही दहाच उतरव."

हॅनाकडे त्यांनी पाहिलं नाही.

माणसं पांगली. बेट्टीही गेली. हॅना दोरीला धरून उभी राहिली.

"पुरे झालं, जेबेझ. चल घरी."

चिखलात बूट रुतल्याचा आवाज आला, अगदी दोरीपलीकडे.

थांबला.

मग पुन्हा सुरू झाला. सावकाश, एक पाय ओढत, गोलपोस्टच्या दिशेने परत.