लंबूचं औषध

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या बुटांत साबणाचं पाणी ओतलं. लिफ्ट थांबली, हा बादली घेऊन घाईघाईत आत शिरला, कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं आणि बादली माझ्या पायांवर. वर म्हणतो कसा, "सॉरी हं... लिफ्ट बुटकी आहे."

"लिफ्ट बरोबर आहे. तुम्हीच जास्त झालात."

तो हसला. समोरचं माणूस ओल्या मोज्यांत चुळबुळत असताना कुणी इतकं गोड हसू नये.

नेमकं त्याच दिवशी मुकादमानं त्याला माझा जोडीदार केलं, कारण माझा आधीचा जोडीदार, म्हणजे माझा दादा, पाय मुरगळून घरी बसला होता. उंच इमारतींच्या काचा आम्ही बाहेरून, दोराला लटकून पुसतो. आमच्यात एक नियम आहे. आपला दोर आपण बांधायचा, तपासायचा मात्र जोडीदारानं. तो "जा" म्हणेपर्यंत कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही.

लंबूचा दोर तपासायचा म्हणजे मला टाचा उंचवाव्या लागत.

"वाकू का जरा?" तो विचारी.

"बोलू नका जरा."

आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. काचेवरचा एखादा ओघळ दाखवून मी त्याला झापायची, तर तो तेवढ्या निमित्तानं झुलत माझ्या बाजूला यायचा. मला राग यायचा... आणि तो आला नाही की जास्तच यायचा.

एकदा बाराव्या मजल्याबाहेर तो अचानक म्हणाला, "इथं बरं वाटतं बघ. खाली उतरलो की छाती धडधडते. उगीचच. झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. आईला वाटतं, मी आळशी झालोय."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"गुरुजी म्हणतो, त्याच्याकडे औषध आहे."

माझ्या कपाळाला आठी पडली. गुरुजी म्हणजे आमच्यातला जुना कामगार. ताप असो नाहीतर भाऊबंदकी, त्याचा इलाज एकच — गांजा. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं त्याचा दवाखाना चाले. "झाडपाला आहे रे, टेन्शन पार पळतं," असं म्हणत तो पोरांच्या हातात विडी द्यायचा. मी लंबूला बजावलं, त्या टाकीमागं जाऊ नकोस. त्यानं मान डोलावली. मान डोलावण्यात तो पटाईत होता.

काही दिवसांनी दोर तपासायला त्याच्या जवळ गेले आणि तो जळका, उग्र वास आला. डोळे लाल. माझं डोकंच फिरलं. त्याचा हूक सोडवून मी हातात घेतला.

"जा म्हण ना," तो म्हणाला.

"नाही म्हणत."

"अगं, एकच झुरका मारलाय."

"मग एकच मजला पडशील का?"

टाकीमागून खिदळणं ऐकू आलं. "लंबूची मास्तरीण आली," गुरुजी म्हणाला. लंबूचे कानसुद्धा लाल झाले.

"सोड ना... आज दोरावर गेलो नाही तर मुकादम विचारेल. काम जाईल माझं."

"जाऊ दे काम. तू गेलास तर मी काय करू?"

बोलून गेले खरी. पण इतकी चिडले होते, की लाजायचंही सुचलं नाही.

तो कठड्याला पाठ लावून खाली बसला. "खरं सांगू? तासभर डोकं शांत होतं. मग संध्याकाळी धडधड दुप्पट. वाटतं, आता मरतो."

"मग ओढतोस कशाला, शहाण्या?"

"नको म्हटलं की सगळे हसतात."

"हसू दे की. हसण्यानं कुणाचं हाड मोडत नाही."

त्यानं कंबरेचा पट्टा सोडून माझ्या हातात दिला. मग उठला आणि स्वतःच जाऊन मुकादमाला आपण ओढल्याचं सांगून आला. मुकादमानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला खाली बादल्या भरायला ठेवलं, पण काढलं नाही. जेवणाच्या सुट्टीत गुरुजीनं पुन्हा विडी पुढं केली.

"नको," लंबू म्हणाला. आवाज इतका बारीक, की मलाच त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"का? मास्तरणीला विचारून सांगतोस?"

"मला त्यानं बरं वाटत नाही, गुरुजी. वाईट वाटतं. नको."

सगळे हसले. लंबू तिथंच बसून डबा खात राहिला. शेवटचा घास खाऊनच उठला.

दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तेवढ्यापुरतं काहींना हलकं वाटतं, हे खरं," त्या म्हणाल्या, "पण गांजानं नैराश्य किंवा चिंता बरी होते, असा पक्का पुरावा नाही. कित्येकांची घबराट उलट वाढते. तुमच्या त्रासावर उपचार आहेत. ते करू."

"ऐकलंस?" लंबू माझ्याकडे वळून म्हणाला, जणू विडी मीच ओढत होते. मी दात-ओठ खाल्ले.

"तुमच्याकडे लक्ष द्यायला कुणीतरी हवं. या कोण तुमच्या?" बाईंनी त्याला विचारलं.

"या... म्हणजे ही... आम्ही दोघं काचा... तसं बघितलं तर..."

एवढा ताडमाड माणूस, आणि एक सरळ वाक्य तोंडातून निघेना. माझा धीर संपला.

"मी याच्याशी लग्न करणार आहे," मी म्हटलं. "त्याला अजून विचारायचंय. तुम्ही आधी त्याला बरा करा."

बाईंचं पेन थांबलं. लंबू माझ्याकडे बघतच राहिला.

"मग... विचार ना," तो हळूच म्हणाला.

"आधी बाईंचं बोलून होऊ दे," मी खेकसले, आणि टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला.