वारा कुठला, दाजी?

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझ्या तोंडात समोरचा दात नाही, आणि तो पाडणारा माणूस आजही जिवंत आहे. जाऊन विचारा.

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. लख्ख ऊन. भुतं रात्रीच येतात असं ज्याने सांगितलं, त्याने मालगाडी चालवलेली नसावी.

मी असिस्टंट. शेजारी ड्रायव्हर, त्यांना मी काका म्हणायचो. अर्धा किलोमीटर मागे, शेवटच्या डब्यात, काकांचा मेव्हणा गार्ड. वॉकीटॉकीवर त्याची दिवसभर बडबड, म्हणून सगळे त्याला 'रेडिओ' म्हणायचे. त्या बडबडीने त्याची बॅटरी सकाळीच संपली. ती मी इंजिनात चार्जिंगला लावली. मागच्या स्टेशनात त्याला नेऊन द्यायची होती. पण ऊन असं की... म्हटलं, पुढच्या थांब्यावर देऊ.

तो थांबा आलाच नाही.

मागून हिसका बसला. मी काचेवर आपटलो. वळून पाहिलं तर आमची गाडी मधेच रुळावरून घसरली होती, टँकरवर टँकर चढत होते. पत्रा फाटल्याचा आवाज... आणि मग फुस्स. एकसारखं.

हिरवट पिवळा धूर जमीन धरून निघाला. क्लोरीन.

अशा वेळी काय करायचं ते आम्हाला पाठ असतं. कंट्रोलला कळवायचं. कुठल्या डब्यात काय आहे तो कागद बरोबर घ्यायचा. वारा जिकडून येतो तिकडे लांब जायचं. धुरात शिरायचं नाही. कुणासाठीही नाही.

खाली उतरून काकांनी मूठभर माती उडवली. माती मागे गेली. गार्डच्या दिशेने.

"माझा मेव्हणा आहे तिकडे!"

काका धावत सुटले. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या छातीत लाथ घातली. मी झेंड्याचा दांडा त्यांच्या डोक्यात हाणला. रक्ताने डोळा भरला, तरी थांबेनात.

तेवढ्यात माझ्या वॉकीटॉकीवर खरखर...

"दाजी... वारा कुठला?"

मी ओरडलो, "तुझ्याकडेच येतोय! उजवीकडच्या टेकडीवर चढ! पुढे येऊ नकोस!"

"बरं... चढतो."

काका मटकन खाली बसले. "आता बायकोला तोंड दाखवता येईल," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

तासाभराने अग्निशमनवाले आले. कागद मी त्यांच्या हातात दिला. ते मास्क लावून आत गेले.

टेकडीवर कुणीच नव्हतं.

रेडिओ रुळांशेजारी सापडला. फुटलेल्या टँकरपासून वीस पावलांवर, तोंड इंजिनाकडे. आम्हाला शोधायला निघाला होता. खडीत नखं मोडलेली. स्वतःचाच गळा ओरबाडलेला. वॉकीटॉकी पट्ट्याला तसाच.

त्याला बाहेर आणल्यावर काकांनी तो उघडला. आत बॅटरी नव्हती.

ते इंजिनात चढले. मी मागोमाग. बॅटरी चार्जरवरच होती... हिरवा दिवा लागलेला.

त्यांनी मला खाली ओढलं आणि रुळावर माझं तोंड आपटलं. एकदा. दोनदा. सोडवायला चार जण लागले. मी हात उचलला नाही. कुठल्या तोंडाने उचलणार?

मग त्यांनी बॅटरी माझ्या मुठीत कोंबली. "ठेव. जन्मभर ठेव."

चौकशीत मी म्हणालो, बॅटरी द्यायला विसरलो. आवाजाचंही सांगितलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. काकांनाही विचारलं. "ऐकला. त्याचाच होता," एवढं बोलून ते उठून गेले.

नोकरी सोडून सात वर्षं झाली. घरात वॉकीटॉकी नाही. नुसती ती बॅटरी, कपाटात. तरी वारा सुटला की आतून खरखर येते... "वारा कुठला?" मी खिडकीतून बघतो आणि सांगतो. "बरं," म्हणतो तो.

काल त्याने वारा विचारला नाही.

"ऊन उतरलंय आता," म्हणाला. "बॅटरी आणून दे."

उन्हाचं मी आजवर कुणालाच बोललो नव्हतो. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.