बुजगावण्याचा शर्ट

"हलू नका, पिल्लू आलंय," आरिनाइत्वे कुजबुजला.

शाळेला सुट्टी होती. नातुकुंदा आणि शेजारचे आरिनाइत्वे, कोबुसिंग्ये बांधामागे पालथे पडले होते. समोर नातुकुंदाच्या घरच्या केळीच्या बागेत गोरिलांचा कळप. चंदेरी पाठीचा दांडगा नर केळीचा बुंधा सोलून गाभा खात होता. पिल्लू मात्र बुजगावण्याच्या शर्टाची बाही ओढत कराकरा खाजवत होतं. काळ्याभोर दाट केसांत मधूनच उघडे, लालसर चट्टे दिसत होते.

"अगदी तुझ्या काकांसारखं खाजवतंय," कोबुसिंग्ये नातुकुंदाला म्हणाली.

काका तोच शर्ट घालून बाग खणायचे आणि दुपारी घामेजलेला तसाच बुजगावण्यावर टांगायचे. माणसाची खरूज गोरिलांना लागते आणि पिल्लं दगावतात, हे ब्विंडीच्या जंगलाकाठचं शेंबडं पोरही सांगेल. आधीच गोरिला उरलेत किती!

शर्ट नातुकुंदाच्या बाबांचा होता. बाबा गेल्यावर त्यांची तेवढीच वस्तू उरली होती. ती अजून रडली नव्हती. आतून सगळं बधिर होतं.

कळप जंगलात परतल्यावर ती काकांकडे गेली. "काका, तो शर्ट काढा ना. पिल्लाला खरूज लागलीय."

"मग केळी कोण राखणार? तू उभी राहतेस हात पसरून? आणि मला खरूज नाही, डास चावलेत. पळ."

जेवणाच्या वेळी आरिनाइत्वे काकांशेजारी जाऊन बसला. "काका, तुम्ही हत्ती कसा पळवलात, सांगा ना."

ही गोष्ट सुरू झाली की पानातली रताळी गार व्हायची. तेवढ्यात मुलींनी काठीने शर्ट उतरवला, बुजगावण्यावर वाऱ्याने खडखडणारे रिकामे डबे टांगले आणि शर्टाला काडी लावली. नातुकुंदाने स्वतः लावली. तिला काहीच वाटलं नाही. कोबुसिंग्ये वनरक्षकांच्या चौकीकडे धावली.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या. पिल्लाला त्यांनी लांबूनच औषधाची सुई मारली होती, आता ते वाचणार होतं. काकांच्या हातात मलम देऊन त्या मुलांकडे वळल्या. "शाबास! मोठ्यांना नाही सुचलं ते तुम्ही केलंत. फक्त जाळायची गरज नव्हती गं. उकळून घेतला असता तरी भागलं असतं. कुणाचा होता शर्ट?"

"माझाच, जुना," काका म्हणाले.

"बाबांचा," नातुकुंदा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.