वीरभद्रची तुटलेली रेघ

हसायचं तर खुशाल हसा, पण आमच्या लातूरच्या क्लासमध्ये घडलंय हे. दर रविवारी पेपर. सोमवारी मी कॉम्प्युटरवर पायथनमध्ये प्रत्येक पोराच्या मार्कांचा आलेख काढायचा आणि शेषेराव सरांनी तो पालकांना दाखवायचा. गैरहजर पोराचा आकडाच नसतो, म्हणून तिथं रेघ तुटते. क्लास सरांचा, त्यांना ती तुटलेली रेघ बघवत नाही. पालक पोराचं नाव काढून समोरच्या क्लासला घालतील, ही त्यांना कायमची धास्ती.

त्या सोमवारी वीरभद्रची रेघ मधोमध तुटली होती. सलग चार पेपर गायब. आणि त्याचे वडील जळकोटहून निघाले होते.

"भरून टाक की काहीतरी," सर म्हणाले.

मी शून्य भरलं. रेघ खाली खड्ड्यात जायला हवी होती, पण ती तुटलेलीच. सरासरी भरली. तीच फट. तक्ता उघडून बघितला, तर मी भरलेले आकडे गायब. भर एप्रिलात खोलीला ओल्या मातीचा वास यायला लागला.

इतक्यात वीरभद्रचे वडील, सिद्धेश्वरअप्पा, पोराला घेऊनच आले. सरांनी फटीवर बोट ठेवलं.

"गैरहजर? न्हाई हो सर," वीरभद्र हळूच म्हणाला. "मी पेपर दिलेच की... मागच्या हॉलमध्ये."

"मागं हॉल न्हाई रे..." सर म्हणाले.

खरंच नाही. भूकंपात तडे गेले म्हणून तो कधीच पाडला. आता तिथं नुसत्या बाभळी आहेत.

"हाय की. लई गार हाय. तिथले सर लई समजावून सांगतात..."

मग सर कुजबुजले, "फी किती घेतात?"

"फुकट हाय."

आता मात्र सर खरोखर घाबरले. कारण अप्पा लगेच म्हणाले, "मंग पोरगं तिकडंच राहू द्या की."

पुढच्या रविवारी सर तावातावानं मागं गेले, जाब विचारायला. सोमवारी आले ते अगदी शांत.

"लुबना, त्यांनी मला तिथं शिकवायला ठेवून घेतलंय..."

"पगार किती, सर?"

"विचारलंच न्हाई बघ..."

इतक्या वर्षांत सर पैशाचं विचारायला कधी विसरले नव्हते. मी पर्स उचलली आणि निघाले. जिना उतरताना मागून सरांची हाक आली, "अगं थांब की... तिथं आलेख काढायला माणूस पायजेल हाय..."